रिपोर्टमध्ये काकूंचं नाव लिहू का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणारे ३३ वर्षांचे आहेत. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क ते एकहाती सांभाळतात. शेठजींच्या मागे लागून त्यांनी चांगली फायरवॉल, म्हणजे बाहेरून नेटवर्कमध्ये घुसणाऱ्याला अडवणारा डबा, बसवून घेतली. रॅकचा फोटो लिंक्डइनवर टाकला, तेव्हा ओळखीच्या सिस्टिमवाल्यांनी वाहवाही केली. प्रत्येक मशीनवर अँटिव्हायरस आहे, पेन ड्राइव्ह बंद आहेत. तरीही गेल्या महिन्याच्या २० तारखेला कंपनीच्या खात्यातून ६ लाख ४० हजार रुपये गेले.

अकाउंट्समधल्या ज्येष्ठ बाईंना सगळं ऑफिस काकू म्हणतं. त्यांना फोन आला : फायरवॉलच्या एएमसीकडून (वार्षिक देखभाल करणाऱ्या कंपनीकडून) बोलतोय, जीएसटीचं पोर्टल तुमच्या फायरवॉलमुळे अडकतंय, दहा मिनिटांत सोडवून देतो. फायरवॉल कुठल्या कंपनीची आणि ती सांभाळतं कोण, दोन्ही त्याला माहीत होतं. काकूंचं आडनाव ऐकल्यावर गुजराती सोडून तो मराठीवर आला. म्हणाला, ‘ताई, आम्हीपण राजमहाल रोडचेच.’ काकूंनी दुरून मशीन चालवू देणारं रिमोटचं ॲप उतरवलं आणि त्यातला नंबर त्याला सांगितला. मग त्याच्याच सांगण्यावरून शेठजींकडे ओटीपी मागितला. शेठजींनी तो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवला.

संध्याकाळी प्रकार लक्षात आला, पण बोभाटा नको म्हणून तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी केली. थोडे पैसे अडवता आले, बाकीचे गेले. आता शेठजींना रिपोर्ट हवा आहे : सिस्टिममध्ये दोष नव्हता, काकूंच्या निष्काळजीपणामुळे झालं. ओटीपीचा उल्लेख नको. त्या कागदाच्या जोरावर काकूंना घरी बसवायचं घाटतंय; निवृत्तीला त्यांची दीड वर्षं उरली आहेत. वाचक लिहितात, ‘काकूंचं वाईट वाटतं, पण रागही येतो. अनोळखी फोनवर काही करू नका हे मी शंभरदा सांगितलंय. रात्री बॅकअप अडकला तरी मी कुणाला त्रास देत नाही, काकूंकडून फोनवर पासवर्ड घेऊन घरूनच काम उरकतो. आणखी काय करायचं? आता सगळ्यांना दिवाळी बोनसचा खोटा मेल पाठवणार आहे. जे क्लिक करतील त्यांची नावं नोटीस बोर्डावर लावीन. माणूसच बावळट असेल तर मशीन काय करणार? आणि रिपोर्ट शेठजी म्हणतात तसा दिला नाही, तर माझी नोकरी राहील का?’

उत्तर

रिपोर्टवर सही करण्याआधी २० तारखेच्या दुपारचा फायरवॉलचा लॉग, म्हणजे तिने ठेवलेल्या नोंदी, उघडून बसा. त्यात तुम्हाला हल्ला दिसणार नाही. अकाउंट्सच्या मशीनवर एक ॲप उतरलं आणि त्या ॲपने बाहेर एक कनेक्शन केलं, बहुधा ४४३ नंबरच्या पोर्टवरून, एवढंच दिसेल. म्हणजे ज्या वाटेने ऑफिसातली प्रत्येक सुरक्षित वेबसाइट उघडते, त्याच वाटेने. बाहेरून आत घुसणाऱ्याला अडवायचं काम फायरवॉलकडे होतं. इथे कुणी घुसलंच नाही, आतून बोलावणं गेलं. अँटिव्हायरस गप्प राहिला, कारण ॲप खरं होतं. लाखो लोक वापरतात तसलं. दूरच्या मशीनची दुरुस्ती तुम्हीही असल्याच एखाद्या ॲपवरून करत असाल.

त्यामुळे ‘सिस्टिममध्ये दोष नव्हता’ हे वाक्य मला पटत नाही. तुमच्या आणि शेठजींच्या मनात सिस्टिम म्हणजे रॅकमध्ये बसवलेला डबा, आणि काकू तिच्या बाहेर उभ्या. पण पैसे कोण पाठवतं, मंजुरी कोण देतं, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, शंका आली तर काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे, हीसुद्धा सिस्टिमच. त्या माणसाने डब्याला हातही लावला नाही. त्याने सगळं या दुसऱ्या भागातून केलं, आणि त्या भागाकडे आजवर कुणी पाहिलेलंच नाही. तुम्हीही नाही.

तो फोन आता काकूंच्या खुर्चीत बसून ऐका. तारीख २०, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. पोर्टल रखडलेलं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम फार नाही, पण शेठजींची बोलणी तिच्यापेक्षा मोठी. अशा वेळी एकजण फोन करून नेमकी तीच अडचण सांगतो आणि वर म्हणतो, मी सोडवतो. तो काही मागत नाही, मदत देतो. जी अडचण देशभरातल्या प्रत्येक अकाउंट्सवाल्याला त्या तारखेला हमखास असते, ती ओळखायला जादू लागत नाही. कॅलेंडर पुरतं.

आणि मराठी. यावर जरा थांबू या, कारण तुमच्या रागात ही गोष्ट निसटली आहे. बडोद्याच्या ऑफिसात दिवसभर गुजराती आणि हिंदी चालतं. त्यात फोनवर कुणी मराठी बोललं की आपला आवाजच बदलतो. दांडिया बाजार की कारेलीबाग, गणपतीला कुठल्या मंडळात, अमक्यांचे तुम्ही कोण, असं दोन मिनिटांत माणूस घरचा होतो. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात इकडे आलेली घरं आपली मराठी टिकवून राहिली, ती अशा ओळखी काढत काढतच. ही सवय वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ‘आम्हीपण राजमहाल रोडचेच’ या एका वाक्याने त्या माणसाची तपासणी संपली. काकूंना तो अनोळखी वाटलाच नाही. म्हणून तुम्ही शंभरदा दिलेली सूचना त्या क्षणी लागूच झाली नाही. ‘अनोळखी फोनवर काही करू नका’ हा नियम अशा ठिकाणी नेहमीच पडतो, कारण या लोकांचं कौशल्यच मुळी अनोळखी न वाटण्यात आहे.

फायरवॉलची कंपनी आणि तुमचं नाव त्याला कुठून मिळालं? पत्रात तुम्ही स्वतःच लिंक्डइनचा उल्लेख केला आहे. तिथूनच मिळालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही; नोकरीची जाहिरात, विक्रेत्याची यादी, कुणाची तरी गप्पांत सुटलेली माहिती, काहीही असू शकतं. तरी तो फोटो आज मोठा करून बघा. डब्यावरचं नाव वाचता येतंय का? आणि खाली तुमचं नाव, हुद्दा, कंपनी? मग त्याला लागणारी निम्मी माहिती तिथेच होती.

यापुढचं जास्त टोचेल. रात्री बॅकअप अडकला की तुम्ही काकूंना फोन करता, पासवर्ड विचारता, त्या सांगतात. तुम्ही हे कौतुकाने लिहिलं आहे. पण यातून काकू काय शिकल्या? सिस्टिमवाला माणूस फोनवर पासवर्ड मागतो, आपण द्यायचा असतो, आणि दिला की काम होतं. २० तारखेला त्यांनी नियम मोडला नाही, इतकी वर्षं चालत आलेला पाळला. तुमच्या फोनमध्ये आणि त्याच्या फोनमध्ये फरक एवढाच, की तुमचा हेतू चांगला होता. आणि हेतू फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा तो ‘बावळट’ शब्द मागे घ्या. काकूंसाठी म्हणून नव्हे, तो चूक निदान करतो म्हणून.

पटत नसेल तर १५ जुलै २०२० आठवा. त्या दिवशी ओबामा, बायडन, इलॉन मस्क अशांच्या ट्विटर खात्यांवरून ‘बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देतो’ असे संदेश गेले. ट्विटरकडे सुरक्षेची माणसं आणि साधनं कमी होती का? न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा खात्याने नंतर चौकशी केली, तेव्हा निघालं ते असं : कर्मचाऱ्यांना फोन गेले, ‘आयटी हेल्प डेस्कवरून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनच्या तक्रारीबद्दल.’ ते कोविडचे दिवस होते, सगळे घरून काम करत होते, आणि घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन रोजच रडायचं. त्यांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर पासवर्ड टाकायला लावला, तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरला, आणि फोनवर आलेली मंजुरीची विनंती काहींनी स्वीकारली. १३० खात्यांना हात घातला गेला. सूत्रधार १७ वर्षांचा मुलगा होता. जीएसटीच्या जागी व्हीपीएन ठेवा, की काकूंची आणि त्यांची गोष्ट एकच होते.

२०११ मध्ये सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या आरएसए कंपनीत तर फिल्टरने तो घातक मेल बरोबर ओळखून जंकमध्ये टाकला होता. भरतीच्या योजनेची एक्सेल फाइल आहे असं वाटून एका कर्मचाऱ्याने तो तिथून बाहेर काढून उघडला. यंत्राने काम केलं होतं, माणसाच्या कुतूहलाने ते उलटवलं. अशा बातम्या वाचून ‘शेवटी माणूसच कच्चा दुवा’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. ज्या दुव्यावर सगळा भार टाकला, तोच तुटणार.

आता शेठजी. त्यांच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि त्याही दबकत. तुमच्या बँकेत पैसे पाठवायला दोघांची गरज आहे : काकू भरणार, शेठजी मंजूर करणार. कागदावर दोन माणसं. पण ओटीपी व्हॉट्सॲपवर पुढे सरकवायचा रिवाज पडला, त्या दिवसापासून माणूस एकच उरला. त्या एसएमएसमध्ये रक्कम साधारणपणे लिहिलेली असते, ‘कुणालाही सांगू नका’ हेही असतं. जीएसटीचं काम म्हणून मागितलेल्या ओटीपीशेजारी भलतीच रक्कम होती का, हे शेठजींनी वाचलं नसेल, कारण असे शेकडो ओटीपी न वाचताच पाठवले आणि कधी काही बिघडलं नाही. आग्र्याचे पेटारे आठवा. पहिले काही दिवस पहारेकरी उघडून बघत, रोजचंच झाल्यावर बघेनासे झाले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाराजांच्या युक्तीशेजारी या भामट्याला बसवणं जिवावर येतं, पण पहारेकऱ्यांच्या जागी कोण होतं ते शेठजींना यावरून लगेच कळेल. बडोद्यात ही गोष्ट गुजराती माणसालाही सांगावी लागत नाही.

म्हणून रिपोर्टचं. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, शेठजी म्हणतात तसं लिहायचं. ती मी सुचवणार नाही, आणि कारण फक्त नैतिक नाही. तक्रार नोंदली गेली आहे. ओटीपी कुठल्या नंबरवर गेला हे बँकेच्या नोंदीत आहे, काकूंच्या फोनवर शेठजींचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. उद्या पोलिसांनी किंवा बँकेने कागद मागितले आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ओटीपीच नसला, तर खोटं लिहिणारे तुम्ही ठराल. दुसरी वाट, सगळं लिहून थेट मेलवर सगळ्या संचालकांना पाठवायचं. रागाच्या भरात ती वाट मोठी शूर वाटते, पण शेठजी कोपऱ्यात सापडले की ते आधी काकूंना आणि मग तुम्हाला बाहेर काढतील, आणि पद्धत आहे तशीच राहील.

तिसरी वाट थोडी कंटाळवाणी आहे. रिपोर्ट वेळेच्या क्रमाने लिहा. अमुक वाजता फोन आला, अमुक वाजता ॲप उतरलं, अमुक वाजता मंजुरीचा ओटीपी मागितला गेला आणि पुढे पाठवला गेला. नावांऐवजी कामं लिहा : पैसे भरणारी व्यक्ती, मंजुरी देणारी व्यक्ती, सिस्टिम सांभाळणारी व्यक्ती. प्रत्येक टप्प्यापुढे एक प्रश्न : इथे हे थांबवू शकेल असं काय होतं? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, काहीच नव्हतं. फोनवर पासवर्ड मागायची तुमची पद्धतही त्यात आली पाहिजे. स्वतःला वगळलंत तर बाकीचं कुणी ऐकणार नाही. कच्चा मसुदा काकूंना वाचायला द्या, त्यांचा क्रम वेगळा असेल तर तोच बरोबर असण्याची शक्यता जास्त. आणि कागद टेबलावर ठेवण्याआधी शेठजींना एकट्यात गाठून सांगा, ‘ओटीपीचं लिहावं लागेल, बँकेकडे ते आहेच. पण मी तो कंपनीचा रिवाज म्हणून लिहिलाय, तुमची चूक म्हणून नाही.’ शेठ लोकांना चारचौघांत खाली बघायला लागलं नाही, तर एकट्यात ते बरंच कबूल करतात, असा माझा अनुभव आहे.

त्यांना आणखी एक सांगता येईल. २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक यांनी मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम एका लिथुआनियन माणसाच्या खात्यांत भरली. तैवानच्या ज्या क्वांटा कंपनीकडून ते खरोखर माल घेत, तिच्या नावाने त्याने बिलं पाठवली, एवढंच. ६ लाख ४० हजारांची लाज कमी करायला ही गोष्ट उपयोगी पडते. शेठजींचा अर्धा राग लाजेचा आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तो बोभाट्याच्या भीतीतही दिसतो, आणि त्या भीतीने खरं नुकसान केलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात भराभर पळवले जातात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन गेला की वाटेतल्या बँकांना ती रक्कम रोखायला कळवता येतं, पण ती अजून खात्यात असली तर. संध्याकाळ ते दुसऱ्या दिवशीची दुपार, एवढा वेळ त्या भामट्याला फुकट मिळाला. हे वाक्य रिपोर्टमध्ये असायलाच हवं. शिवाय सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. कळवलं नसेल तर उशिरा का होईना कळवा, आणि लॉगची प्रत आजच वेगळी काढून ठेवा. काकूंच्या पगारातून किंवा ग्रॅच्युइटीतून हे पैसे कापायची भाषा कुणी सुरू केली, तर बाजू मांडायची संधी न देता ते परस्पर होत नाही. स्वतःच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका, असं त्यांनाही सांगून ठेवा.

बोनसचा खोटा मेल मात्र पाठवू नका. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी कंपनीने नेमकं हेच केलं : ६५० डॉलरच्या बोनसचा मेल, आणि ज्यांनी माहिती भरली त्यांना ‘तुम्ही परीक्षेत नापास’. कोविडच्या वर्षात, नाताळच्या तोंडावर. कंपनीला माफी मागावी लागली. तुमच्याकडे तर आधीच पैसे गेलेत, कुणाची नोकरी जाणार याची कुजबुज चालू आहे. त्यात नोटीस बोर्डावर नावं लागली, तर पुढच्या वेळी कुणाच्या हातून काही झालं की तो पहिली गोष्ट करील ती म्हणजे लपवणं. तुम्हाला तर उलट हवंय. काही झालं की दहा मिनिटांत तुमच्यापर्यंत यावं.

जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत खोट्या लॉगिन पानाचे एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड भरला. सुरक्षेचा व्यवसाय करणारी कंपनी, तरी तिघे फसले. पण आत कुणी शिरू शकलं नाही, कारण लॉगिनला प्रत्येकाकडची छोटी हार्डवेअर की, म्हणजे मशीनला जोडायची चावी, लागायची, आणि ती खोट्या पानावर चालतच नाही. त्या तिघांना कंपनीने बोल लावला नाही, उलट तसं जाहीरपणे लिहिलं. मला ही गोष्ट तुमच्या संपूर्ण प्रश्नाचं उत्तर वाटते. माणूस फसणार, हे धरूनच बांधलेलं काम.

तुमच्याकडे काय करता येईल? हार्डवेअर की मेलच्या खात्यांना जरूर लावा, फार खर्च नाही. पण २० तारखेसारख्या प्रकारात ती पुरणार नाही, कारण काकूंनी स्वतःची स्क्रीनच दुसऱ्याच्या हातात दिली. त्यासाठी रिमोटची ॲप बंद हवीत. असली बरीच ॲप इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे नुसते ॲडमिनचे हक्क काढून भागत नाही. ठरलेल्या यादीबाहेरचा प्रोग्रॅम चालूच नये अशी सोय विंडोजमध्ये आहे, आणि फायरवॉलमध्येही बहुधा कुठलं ॲप चालू द्यायचं ते ठरवणारा ॲप्लिकेशन कंट्रोल असतो, जो घेतला जातो आणि कधी चालू केला जात नाही. तुम्ही वापरता ते एक ॲप ठेवा, तेही तुम्ही समोर किंवा ओळखीच्या नंबरवर असतानाच. बँकेचं काम एका वेगळ्या मशीनवर हलवा, ज्यावर मेल नाही, व्हॉट्सॲप नाही.

पैशांच्या बाबतीत शेठजींनी ओटीपी पुढे पाठवायचा नाही. मंजुरी त्यांनी स्वतःच्या लॉगिनवरून द्यायची, रक्कम आणि नाव वाचून. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, आपण टाइप केलेल्या नावाला काही अर्थ नसतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना नाव दाखवायची सोय द्यायला सांगितली : खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खरा खातेदार कोण ते दिसतं. ती वापरायची सवय लावा. नवं खातं जोडलं की त्याच दिवशी मोठी रक्कम नाही. पुरवठादाराचा ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन. मेलचा पत्ता दिसायला तोच असतो. आर आणि एन ही इंग्रजी अक्षरं शेजारी आली की एम वाटतो, आणि काकूंच्या चष्म्याला काय, तुमच्या डोळ्यांनाही तो फरक दुपारी चार वाजता दिसणार नाही.

फोन कापून आपल्याकडच्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा, हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. बँक असो, एएमसी असो, खुद्द शेठजी असोत. विशेषतः शेठजी. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपले वरिष्ठ प्रत्यक्ष बोलताना पाहिले आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमधले चेहरे बनावट होते. तेव्हा आवाज ओळखला, चेहरा पाहिला, यावर यापुढे विसंबता येणार नाही. पण एका पगारदार माणसाने मालकाचा फोन कापायचा, याला हिंमत लागते, आणि ती ट्रेनिंगच्या स्लाइडमधून येत नाही. शेठजींनी सगळ्यांसमोर तोंडाने म्हणावं लागेल : माझ्या नावाने घाईचा फोन आला तर ठेवून द्या आणि मला लावा, मी रागावणार नाही. आणि पहिल्यांदा कुणी तसं केलं, तेव्हा खरंच रागावू नये. शेठजी हे बोलायला तयार झाले नाहीत, तर बाकीची यादी भिंतीवर लावून काही होणार नाही, हे मी आताच सांगून ठेवते. तुमच्याकडूनही एक वाक्य हवं : मी कधीही पासवर्ड, ओटीपी किंवा कुठलाही नंबर फोनवर मागणार नाही, मागितला तर तो मी नव्हे. बॅकअपचा प्रश्न वेगळं खातं करून सोडवा. ते तुमचंच काम आहे, काकूंच्या पासवर्डवर ते चालायला नको होतं.

काकूंशी बोललात का, म्हणजे रिपोर्टसाठी नव्हे, सहज? पत्रात तसं दिसत नाही. त्या माणसाचा आवाज ऑफिसात फक्त त्यांनी ऐकला आहे. त्यांना विचारा, मनात पाल कधी चुकचुकली? अशा फोनमध्ये असा एक क्षण बहुतेकांना आठवतो. मग विचारा, तेव्हा मला फोन का नाही केलात? ‘तू पुन्हा म्हणशील, काकू कितीदा सांगायचं,’ असं उत्तर आलं तर ते रिपोर्टमध्ये लिहू नका, स्वतःपाशी ठेवा. त्यांना सगळ्यांपुढे उभं करून ‘अनुभव सांगा’ असं करू नका; स्वतःहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

नोकरीचं विचारलंत. पैसे गेलेल्या कंपनीला सिस्टिमचा माणूस काढणं सोपं नसतं, पण अशक्यही नसतं, त्यामुळे खोटा धीर देत नाही. रिपोर्ट तारीख घालून कंपनीच्या मेलवरून पाठवा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. शेठजींनी ओटीपीचा परिच्छेद काढायला सांगितला, तर तो निर्णय त्यांनी मेलवर लिहून कळवावा असं नम्रपणे सांगा. बहुधा तसा मेल येणार नाही आणि परिच्छेद राहील. आलाच, तर तो जपून ठेवा, रिपोर्टवर सही करू नका आणि त्याच आठवड्यात बायोडेटा ताजा करायला घ्या. हो, आणि लिंक्डइनवरचा तो फोटो आज काढा.